गिऱ्हाईक ज्या नावाने विचारते, तो हॅशटॅग : सुभाषनगरातील एका चप्पल कारागीर कुटुंबाचे प्रकरण

जून २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात, कोल्हापुरात पावसाने जोर धरला असताना, सुभाषनगरातील एका चप्पल कारागीर कुटुंबाने आपल्या इन्स्टाग्राम खात्याकडे एकदा नीट पाहण्याची विनंती मला केली. लहान व्यावसायिकांना समाजमाध्यमांवरच्या कामात मदत करणे हा माझा रोजचा उद्योग असला, तरी हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण हॅशटॅगच्या, म्हणजे पोस्टखाली # हे चिन्ह लावून लिहिलेल्या शब्दांच्या, निवडीत होणाऱ्या बहुतेक चुका या एकाच खात्यावर एकत्र सापडल्या आणि त्या सुधारण्याचा मार्ग त्यांच्या घरातल्याच एका वहीत मिळाला.

घरात काम करणारी माणसे तीन. साठी ओलांडलेले मामा तळ कापतात आणि शिवतात, त्यांच्या सूनबाई, ज्यांना मी वहिनी म्हणतो, वेणी आणि गोंडे करतात, आणि महाविद्यालयात शिकणारा नातू फोटो काढून खाते सांभाळतो. माल आजवर दुकानदारांमार्फतच जात आला. दुकानदार देतो तो दर आणि गिऱ्हाईक मोजते ती किंमत यांतले अंतर मामांनी आयुष्यभर पाहिले आहे, त्यामुळे थेट गिऱ्हाईक मिळावे ही इच्छा मनापासूनची होती. पावसाळ्यात कातड्याची चप्पल कोणी घालत नाही, मागणी थंडावते, आणि म्हणूनच प्रयोग करायला हे चार महिने मोकळे होते.

तक्रार साधी होती. व्हिडिओ बरे पाहिले जात होते, हृदयाची चिन्हे पडत होती, पण ‘ही जोडी मला पाठवा’ असे म्हणणारा माणूस येत नव्हता. नातवाचा समज असा की पोहोच कमी पडते, म्हणून हॅशटॅग वाढवावेत. इन्स्टाग्राम एका पोस्टला ३० हॅशटॅग लावू देत होते आणि तो न चुकता तीसच्या तीस लावत होता.

त्यातली एक पोस्ट जवळून पाहू. गोणपाटावर कापशी या प्रकारच्या चपलेची एक जोडी ठेवलेली, उजेड खिडकीतून तिरपा आलेला, कानांवरची वीण स्पष्ट दिसते, अंगठ्याला जुळून आलेली वेणी आणि लहानसा लाल गोंडा. फोटो खरोखर सुरेख होता. खाली मात्र प्रेम, आनंद, व्हायरल, ट्रेंडिंग अशा अर्थाचे रोमन लिपीतले दहा-बारा टॅग, मग कोल्हापूर, रंकाळा, अंबाबाई, पन्हाळा, तांबडा-पांढरा रस्सा, मिसळ, कुस्ती, मग फॅशन आणि स्टाइल, आणि अगदी शेवटी चप्पल. मामांना ती यादी वाचून दाखवली तेव्हा ते हातातली कातडे कापायची रापी बाजूला ठेवून म्हणाले, “आमी चप्पल विकतोय का गाव दावतोय, बाळा?” या प्रकरणातला पहिला नेमका प्रश्न तोच होता.

त्या यादीत आणखी एक चूक दडलेली होती, जी मराठीत टॅग लिहिणाऱ्या असंख्य खात्यांवर दिसते. नातवाने ‘#कोल्हापुरी चप्पल’ असे दोन शब्द सोडून लिहिले होते. हॅशटॅग पहिल्या मोकळ्या जागेपाशी संपतो, म्हणजे प्रत्यक्षात टॅग झाला होता फक्त ‘कोल्हापुरी’, आणि ‘चप्पल’ हा शब्द साध्या मजकुरासारखा बाहेर पडला होता. ‘कोल्हापुरी’ या टॅगखाली साज येतो, मसाला येतो, फेटा येतो, मिरची येते. ‘तांबडा-पांढरा’ मधल्या आडव्या रेघेनेही तेच झाले होते, कारण रेघ आली की टॅग तुटतो; खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर, तेवढी चालते.

शुद्धलेखनाचाही मुद्दा होता. ‘कोल्हापूर’ मध्ये पू दीर्घ, पण प्रत्यय लागून ‘कोल्हापुरी’ झाले की पु ऱ्हस्व, हा नियम शाळेत सर्वांनी शिकलेला असतो आणि टाइप करताना निम्मे लोक विसरतात. माणसाच्या दृष्टीने ही किरकोळ चूक असेल, पण हॅशटॅगच्या दृष्टीने ऱ्हस्व आणि दीर्घ ही दोन वेगळी दालने आहेत. रोमन लिपीत अक्षर लहान की मोठे याने फरक पडत नाही, पण ‘चप्पल’ एकवचनी की शेवटी एस लावून अनेकवचनी, याने नक्कीच पडतो.

हॅशटॅग म्हणजे काय हे नातवाला समजावताना मला थोडे मागे जावे लागले. २३ ऑगस्ट २००७ रोजी क्रिस मेसिना यांनी ट्विटरवर असे सुचवले की एखाद्या गटाच्या किंवा विषयाच्या नावाआधी # हे चिन्ह लावले, तर विखुरलेले संदेश एकत्र सापडतील. त्यामागची कल्पना वर्गीकरणाची होती, जाहिरातीची नव्हती. इन्स्टाग्रामवर हॅशटॅग २०११ मध्ये आले आणि फेसबुकवर २०१३ मध्ये. मधल्या काळात ‘जितके टॅग तितकी गर्दी’ हा समज पक्का रुजला. इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच निर्मात्यांना तीन ते पाच टॅग पुरेत असा सल्ला दिला, त्याचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी वेळोवेळी स्पष्ट केले की टॅगमुळे पोहोच फारशी वाढत नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये टॅगला फॉलो करण्याची सोयही बंद झाली. मग टॅग लावायचाच कशाला, असे नातवाने विचारले, आणि तो प्रश्न रास्त होता.

माझे उत्तर असे की टॅग आज दोन कामे करतो. ही पोस्ट कशाबद्दल आहे हे तो इन्स्टाग्रामच्या यंत्रणेला सांगतो, आणि नेमके तेच शोधणाऱ्या माणसाला तो दार दाखवतो. पहिल्या कामात चुकीचा टॅग नुसता वाया जात नाही, तो घातही करतो. मिसळीच्या ओढीने आलेला माणूस चप्पल दिसताच बोटाने वर सरकवतो. लोक किती वेळ थांबतात, पुढे कोणाला पाठवतात यावरून यंत्रणा व्हिडिओ आणखी कोणाला दाखवायचा हे ठरवत असल्याने, चुकीच्या माणसांची पहिली तुकडी योग्य माणसांपर्यंतची वाट अडवते. खात्याच्या इनसाइट्समध्ये, म्हणजे आकडेवारीत, पाहणाऱ्यांची शहरे दिसतात, आणि तिथे कोल्हापूर सर्वांत वर होते. कोल्हापूरच्या माणसाला चप्पल घ्यायची असेल तर तो शहरातल्या चपलांच्या बाजारात, चप्पल लाइनला जाईल, पाय घालून पाहील, घासाघीस करील. तो मोबाइलवरून का मागवेल? ज्याला गावाची आठवण येते तो गावाचा टॅग पाहतो, आणि ज्याला चप्पल हवी असते तो चप्पल शोधतो, हे दोन वेगळे लोक आहेत.

हे निदान होऊन काम सुरू करणार, तोच एक अनपेक्षित गोष्ट घडली. २२ जून २०२५ रोजी प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधील पुरुषांच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी घाटाची पादत्राणे दिसली, त्यांच्या मूळ गावाचा उल्लेख सुरुवातीला नव्हता, आणि महाराष्ट्रभर संताप उसळला. नंतर भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे प्राडाने मान्य केले. त्या आठवड्यात कोल्हापुरी हा शब्द जगभर फिरत होता. नातवाने मला न विचारता प्रत्येक पोस्टला त्या कंपनीचे नाव, मिलान आणि फॅशन वीक हे टॅग लावले. मी त्याला दोष देणार नाही, कारण त्याच्या आजोबांच्या हातची वस्तू पहिल्यांदाच बातमीत आली होती आणि त्याला छाती फुगवून काही म्हणायचे होते.

व्हिडिओ पूर्वी कधी नव्हते इतके पाहिले गेले. प्रतिक्रियांमध्ये मात्र भांडण लागले, ज्यात कोणी अभिमानाने लिहीत होते, कोणी शिव्या देत होते, आणि कोणी ही चप्पल महाराष्ट्राची की कर्नाटकाची यावर वाद घालत होते. त्या वादाला उत्तर आहे. २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव देणाऱ्या नोंदणीत, महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे दोन्ही राज्यांचे चार-चार जिल्हे आहेत. पण भांडणाऱ्याला जोडी घ्यायची नसते. दोन आठवड्यांत ओघ ओसरला आणि विक्रीच्या वहीत त्या काळातली एकही नोंद पडली नाही. चालू बातमीचा टॅग पाहणारे आणतो, पण ते बातमीसाठी आलेले असतात, आणि बातमी गेली की जातात.

तरीही त्या गर्दीतून एक मौल्यवान गोष्ट हाती लागली, आणि ती नातवाच्या उतावळेपणामुळेच लागली हे मी मोकळेपणाने नोंदवतो. प्रतिक्रियांमध्ये काही माणसे वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारत होती, की खरी कोल्हापुरी ओळखायची कशी? तिथून आम्ही वळलो.

या घरात दुकानदारांच्या येण्या-जाण्याच्या नोंदीची एक लांबट वही आहे. वहिनींना सवय अशी की फोनवर कोणी चौकशी केली की वहीच्या मागच्या पानांवर त्या माणसाचे बोलणे जसेच्या तसे टिपायचे, कारण मामांना संध्याकाळी सांगताना काही सुटू नये. मी ती पाने उघडली आणि हॅशटॅगचा सारा अभ्यास मला तिथे तयार सापडला. मामांच्या तोंडी कापशी, कचकडी, पायताण, बक्कलनाली, पुकारी ही चपलांच्या प्रकारांची नावे. नातवाच्या पोस्टमध्येही हीच. वहीत मात्र गिऱ्हाइकाचे शब्द होते. ‘ती करकर वाजणारी आहे का?’ ‘नवरदेवाला धोतरावर घालायला पाहिजे.’ ‘नऊवारीवर जाईल अशी, जरा टाच असलेली.’ ‘वडिलांचा पंजा रुंद आहे, दुकानात बसत नाही.’ ‘खिळा नसलेली, हाताने शिवलेली.’ ‘पहिले चार दिवस चावते ती का?’

एकाही माणसाने बक्कलनाली असा शब्द उच्चारला नव्हता. कारागीर वस्तूला तिच्या घडणीवरून किंवा गावावरून ओळखतो, कापशी हे नाव तर कागल तालुक्यातल्या गावावरूनच आले आहे. गिऱ्हाईक तीच वस्तू प्रसंगावरून, आवाजावरून, आपल्या पायाच्या दुखण्यावरून ओळखते. हॅशटॅग शोधणाऱ्यासाठी असेल, तर तो शोधणाऱ्याच्या तोंडचा असला पाहिजे. वहिनींना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मंग ह्ये तर आमी रोजच लिवतोय की.”

यानंतरची निवड सरळ होती, पण सोपी नव्हती. प्रत्येक संभाव्य टॅगसाठी नातू त्या टॅगच्या पानावर जाऊन पहिल्या वीसेक पोस्ट पाहत असे आणि एकच गोष्ट ठरवत असे: आपली जोडी या ओळीत मांडली तर शोभेल का, आणि इथे येणारा माणूस काय घ्यायला आलेला असेल? ‘चप्पल’ हा टॅग याच कसोटीवर गळला, कारण तिथे रबरी सपाता आणि पावसाळी बूट होते. रोमन लिपीतला कोल्हापुरी चप्पल हा जोडशब्द ठेवला, पण तिथे रेक्झिनच्या, यंत्रावर ठोकलेल्या स्वस्त जोड्यांची रांग असल्याचे दिसले. त्या रांगेत मामांची जोडी मांडली की गिऱ्हाईक आधी किंमत पाहणार आणि निघून जाणार. म्हणून त्याच्या जोडीला हाताने शिवलेली, खिळ्याविना, असे सांगणारा टॅग प्रत्येक वेळी लावायचा असे ठरले. ‘पुणे’ हा टॅगही लावून पाहिला, कारण गिऱ्हाईक तिथले हवे होते, पण तिथे वाहतूक, खाद्यगाड्या आणि भाड्याच्या खोल्या यांच्या गर्दीत चप्पल बुडून गेली. त्यापेक्षा मजकुराच्या पहिल्या ओळीत ‘पुण्या-मुंबईला कुरिअरने पाठवतो’ असे साध्या मराठीत लिहिणे कितीतरी उपयोगी पडले. इन्स्टाग्रामवरचा शोध मजकुरातले शब्दही वाचतो, आणि १० जुलै २०२५ पासून व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट गूगलसारख्या शोधयंत्रांतही दिसू लागल्या आहेत, त्यामुळे पहिली ओळ नीट लिहिणे हे टॅगइतकेच महत्त्वाचे काम झाले आहे.

लिपीबाबत आम्ही दोन्ही ठेवल्या. मराठी माणूस बोलतो मराठीत, पण शोधताना पुष्कळदा रोमन अक्षरांत टाइप करतो, विशेषतः तरुण. म्हणून एका पोस्टला पाचच टॅग, त्यांत दोन देवनागरी, दोन रोमन, आणि पाचवा प्रसंगानुसार बदलता. देवनागरीतले शब्द जोडून, ऱ्हस्व-दीर्घ तपासून लिहायचे. ‘कोल्हापुरीचप्पल’ असे सलग दिसायला थोडे विचित्र असले तरी तसेच.

भौगोलिक मानांकनाचा टॅग लावावा की नाही, यावर घरात बराच खल झाला. नातवाला तो हवा होता. माझे मत स्पष्ट होते की मानांकन हा कायद्याने मिळणारा हक्क आहे. १९९९ च्या कायद्याप्रमाणे उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायची असते, आणि ती होण्याआधी तो शब्द आपल्या मालावर शिक्क्यासारखा मिरवू नये. मामांनी लगेच मान्य केले. ‘नाव आपलं हाय म्हणून कागद नको आसं न्हाई’, एवढेच बोलून ते पुन्हा कामाला लागले. नोंदणीचे अर्ज त्यांनी त्याच आठवड्यात मागवून घेतले.

ऑगस्टमध्ये पहिला नवा व्हिडिओ आला. मामा एका जोडीवर पाऊल ठेवतात, फरशीवर चार पावले चालतात, आणि करकर असा तो जुना, रुबाबदार आवाज येतो. संगीत लावलेले नाही, बोलणे नाही. मजकुराची पहिली ओळ होती, ‘करकर वाजणारी हाताने शिवलेली कोल्हापुरी, मापाप्रमाणे करून मिळेल’, आणि खाली पाच टॅग. हा व्हिडिओ जूनमधल्या बातमीच्या व्हिडिओपेक्षा कितीतरी कमी लोकांनी पाहिला. नातू हिरमुसला. पण तीनच दिवसांत वहीच्या मागच्या पानावर वहिनींनी नवी नोंद केली: सोलापूरहून एक गृहस्थ, आजोबांची तशी चप्पल होती, आवाज ऐकून डोळ्यांत पाणी आले, नऊ नंबर, किंमत कितीही चालेल.

खरी चप्पल ओळखण्याचा व्हिडिओ सप्टेंबरात, नवरात्राच्या आधी आला. मामा आरीने भोक पाडून कातड्याची वादी ओढून दाखवतात, जोडी उलटी करून खिळा कुठेच नाही हे दाखवतात, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याचा रंग कसा असतो ते सांगतात. या व्हिडिओला टॅग अगदी कमी होते, कारण प्रश्नच मजकुराच्या पहिल्या ओळीत लिहिला होता. आजही घरात येणाऱ्या चौकशांपैकी सर्वांत समजूतदार चौकशा याच व्हिडिओवरून येतात. हे गिऱ्हाईक किमतीवर हुज्जत घालत नाही, कारण ती किंमत कशाची हे त्याने आधी पाहिलेले असते.

तुळशीचे लग्न झाले आणि लग्नसराई लागली, तसा पाचवा टॅग नवरदेव आणि नऊवारी यांच्यात आलटून पालटून बदलत राहिला. इथे एक चूक माझी झाली. मी लग्नाचा सर्वसाधारण टॅग सुचवला होता, आणि त्याने मंडप सजावटवाले, छायाचित्रकार आणि मेंदीवाल्या यांचे संदेश आले. सगळेच काही विकायला आलेले, घेणारा कोणी नाही. जिथे विकणारेच जमतात तो टॅग कितीही मोठा असला तरी आपल्या उपयोगाचा नाही, हे मला आधी लक्षात यायला हवे होते. ‘नवरदेव’ अधिक ‘कोल्हापुरीचप्पल’ ही जोडी मात्र चालली, कारण ती दोन्ही दारे एकत्र फक्त ज्याला गरज आहे तोच उघडतो.

कचकडी आणि बक्कलनाली यांचे टॅग कोणीही शोधत नाही हे वहीने सिद्ध केले होते, आणि व्यवहाराच्या हिशेबाने ते काढून टाकायला हवे होते. मी ते काढू दिले नाहीत. महिन्यातून एका पोस्टला ही जुनी नावे लावायचीच, त्याबरोबर ती जोडी कशी घडते हे दाखवायचे, असा आग्रह मी धरला आणि मामांना तो आवडला. हे नाव आज कोणी शोधत नाही, कारण ते कोणी लिहीत नाही. ज्यांच्या हाताला ते नाव ठाऊक आहे त्यांनीच ते लिहिले नाही, तर ते शोधायला उद्या कोण येणार?

हिशेब नातवाने एका साध्या तक्त्यात ठेवला आहे. प्रत्येक पोस्टसमोर पाच टॅग, आणि किती लोकांनी पाहिले याऐवजी किती चौकशा आल्या, त्यांतल्या किती मापापर्यंत पोहोचल्या, एवढेच दोन रकाने. फोनवर आलेल्या प्रत्येकाला वहिनी न विसरता विचारतात, ‘कुठं बघितलासा?’ इनसाइट्समध्ये आता कोल्हापूर सर्वांत वर नाही. पुणे आणि मुंबई वर आली आहेत. महिन्याच्या शेवटी जो टॅग दोन महिने काहीच आणत नाही तो जातो, आणि वहीतला एखादा नवा शब्द त्याच्या जागी येतो.

डिसेंबरमध्ये मी शेवटचा गेलो तेव्हा ओट्यावर एक वर्तमानपत्राचा कागद पसरलेला होता. त्यावर शिसपेन्सिलीने आखलेला पायाचा आकार होता, पंजापाशी चांगलाच रुंद, अंगठा किंचित बाहेर वळलेला, आणि कोपऱ्यात मुलीच्या अक्षरात ‘बाबा, डावा पाय’ असे लिहिलेले. नाशिकहून पोस्टाने आलेला होता. मामांनी त्यावर कातडे ठेवून पाहिले आणि रुंदीला बोटभर सोडून खूण केली. नातू फोन घेऊन उभा होता. वही उघडून त्याने वहिनींना विचारले, की असे माप पाठवणारे किती जण झाले, आणि ते ‘रुंद पंजा’ म्हणतात का ‘रुंद पाय’. वहिनींनी बोट फिरवत पाने उलटली आणि सांगितले, “पाय म्हनत्यात. पंजा आपुन म्हनतो.” त्याने तोच शब्द लिहिला.